स्वस्त बंदुकीची पारख

आजचा विषय शहरांतील घरांना जरा दूरचा वाटेल. पुण्यामुंबईच्या घरांत बंदूक असलीच तर ती बहुधा आजोबांच्या काळची, तेल लावून कपाटांत उभी केलेली असते. परंतु महाड-पोलादपूरकडे, सावित्रीकांठच्या आमच्या सवसारख्या गांवांत, भात पोटरीला आलें कीं रात्रीं रानडुकरें उतरतात, आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक ही तेथें घरांतली एक कामाची वस्तु मानली जाते. ती घेतांना शेतकरी जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न अमेरिकेंत अर्धस्वयंचलित रायफल घेणारा विचारीत असतो: थोडक्या पैशांत मिळणारी, पण भरंवशाची, अशी कोणती?

अर्धस्वयंचलित म्हणजे काय तें आधीं सांगतों. चाप एकदां ओढला कीं गोळी एकच सुटते. मात्र रिकामें काडतूस बाहेर फेकून नवें कोठींत सरकविण्याचें काम त्या बाराचाच जोर करून टाकतो. पुष्कळ रायफलींच्या नळीला एक बारीक भोंक असतें. गोळी त्याच्या पुढें गेली कीं थोडा वायु त्यांतून वळतो आणि बोल्टाला मागें ढकलतो. आपल्या लष्करानें व पोलिसांनीं अनेक वर्षें वापरलेली ईशापूरची एस.एल.आर. ही याच जातीची. सामान्य नागरिकाच्या हातीं मात्र ही जात आपल्याकडे सहसा येत नाहीं. अमेरिकेंत ती दुकानांत मिळते. तेथील ए.आर.-15 ही रायफल यूजीन स्टोनर या अभियंत्याच्या कल्पनेंतून निघाली; तिच्या मुख्य पेटंटाची मुदत 1977 च्या सुमारास संपली, आणि मग जो तो ती बनवूं लागला. आज तीच रायफल कितीतरी नांवांनीं विकली जाते, आणि वरचें नांव निराळें असलें तरी आंतले अनेक भाग थोड्याच कारखान्यांतून आलेले असतात. म्हणून "अमुक छाप चांगला कीं तमुक" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. विचारावयाचें तें असें कीं, किंमत उतरली ती कोठें काटकसर करून?

दस्ता लांकडाऐवजीं प्लास्टिकचा केला, वरची झिलई साधी ठेवली, नेम धरण्याची माशी साधी बसविली, तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. बोल्टाची गोष्ट वेगळी. त्याच्या तोंडाशीं दांते असतात आणि बाराचा सारा दाब त्या दांत्यांवर येतो. तें पोलाद ठराविक जातीचें हवें, त्याला पाणी नीट दिलेलें हवें, आणि लष्करी पद्धतीप्रमाणें एक जादा दाबाचें काडतूस उडवून मग तडे तपासलेले हवेत. ही तपासणी मोठी सुंदर आहे. भाग चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक भुकटी सोडतात. डोळ्याला न दिसणाऱ्या तड्यापाशीं ती भुकटी रेघ धरून गोळा होते. प्रत्येक नग असा पाहावयाचा कीं ढिगांतला एखादा, येथें पैसा वांचतो. पण ही काटकसर मला मान्य नाहीं, कारण रायफल उडते ती माणसाच्या गालाशीं.

दुसरी जागा दोन लहान स्क्रूंची. बोल्टाच्या वाहकावर वायु घेणारी एक नळकांडी या स्क्रूंनीं बसविलेली असते. बसविल्यावर कडेचा धातु ठोकून स्क्रूंच्या डोक्यांत दाबावा लागतो. तसें न केल्यास ते ढिले होतात, वायु गळतो आणि रायफल अडूं लागते. काम दोन मिनिटांचें, पण घाईंत तेंच राहून जातें. गिऱ्हाइकाला तें नुसत्या डोळ्यांनीं दिसतें, हा त्याचा फायदा. नळीच्या आंत क्रोमचा मुलामा आहे कीं नाहीं हेंही विचारावें. दमट हवेंत त्याचें मोल कळतें.

येथें तीन गुणांची गल्लत होते. मजबुती, भरंवसा आणि अचूकपणा हीं तिन्ही वेगवेगळीं आहेत. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला सनद मिळाली 1637 मध्यें, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह 1813 च्या कायद्यानें उभें राहिलें. तेथें जादा दारूचा बार उडवून टिकलेल्या नळीवर छाप उठवीत. जुन्या विलायती बंदुकींवर हे छाप अजून सांपडतात. त्यांचा अर्थ इतकाच कीं त्या दिवशीं ती नळी फुटली नाहीं. ती नेम बरोबर मारील, किंवा कधीं अडणार नाहीं, असें वचन त्या छापांत नाहीं.

भरंवशाबद्दल लोक फार लौकर बोलतात. "मीं शंभर बार काढले, एकदांही अडली नाहीं," असें कोणी सांगितलें म्हणजे ऐकणारा खूष होतो. जुनी संवय म्हणून येथें थोडें गणित करतों. समजा, एखाद्या जातीची रायफल सरासरीनें शंभर बारांत एकदां अडते. अशा रायफली घेऊन शंभर जणांनीं प्रत्येकीं शंभर बार काढले, तर सुमारें सदतीस जणांना एकही अडथळा येणार नाहीं, आणि ते सारे तिची वाखाणणी करतील. बिनअडथळ्याचे तीनशें बार झाले तरच अडण्याचें प्रमाण शंभरीं एकाहून कमी आहे असें बऱ्याच विश्वासानें म्हणतां येतें. नेमाचेंही तसेंच. तीन गोळ्या एका रुपयाखालीं झांकल्या म्हणून कागद घडी करून खिशांत ठेवणारे पुष्कळ. त्याच बंदुकीनें दहा गोळ्या मारल्या कीं पसारा वाढतो. दहांचा कागद दाखवील त्याचेंच ऐकावें.

शिवाय दोष नेहमीं रायफलीचाच असतो असें नाहीं. 1999 च्या कारगिल युद्धांत आपल्या इन्सास रायफलीच्या प्लास्टिकच्या मॅगझिनांना थंडींत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. काडतुसें धरणारी ती एक पेटी. पण ती फुटली कीं उरलेली रायफल काय कामाची? अडणारी रायफल हातीं आली तर आधीं मॅगझिन बदलून पाहावें, मग काडतूस, आणि नंतरच तिला नांवें ठेवावीं.

स्वस्त तें वाईटच असतें, असेंही मी म्हणत नाहीं. महादजी शिंद्यांच्या पदरीं 1784 पासून द बॉयन हा सेनानी होता, आणि त्याच्या पलटणींसाठीं आग्र्याला सँगस्टर नांवाचा एक स्कॉटिश कारागीर तोफा ओतीत असे व बंदुकी बनवीत असे. ती बंदूक सुमारें दहा रुपयांत पडे, आणि जाणत्यांनीं तिची तारीफ केली आहे. 1803 मध्यें असईच्या रणांत हातीं लागलेल्या शिंद्यांच्या पितळी तोफा पाहून वेलस्लीनेंही त्यांची वाखाणणी केली होती. तेथें काटकसर मजुरींत होती, धातूंत नव्हती.

आतां आमच्याकडच्या ठासणीच्या बंदुकीकडे येतों. जुनी बंदूक पाहावयास घेतली कीं पहिलें काम म्हणजे आंत बार आहे कीं काय तें पाहणें. पावसाळाभर भरलेल्या राहिलेल्या बंदुका असतात. केप काढलेली असावी आणि तोंड कोणाकडेही नसावें. गज नळींत टेकेपर्यंत सोडावा, तोंडापाशीं बोटानें खूण धरावी आणि मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. टोंक कानापर्यंत न पोहोंचतां चार बोटें अलीकडेच राहिलें तर आंत बार आहे असें समजावें आणि जाणकाराला बोलवावें. रिकामी असेल तर घोडा अर्धा चढवून चाप ओढावा. घोडा पडतां कामा नये. मग नळीवर उजेडाची रेघ पडेल अशी ती धरावी आणि हळूहळू फिरवावी. रेघ कोठें वांकली किंवा फुगली तर ती बंदूक फुकट मिळाली तरी घेऊं नये. पाण्याच्या पाइपाच्या गांवठी बंदुकीबद्दल तर बोलायलाच नको: त्या पाइपाला बहुधा लांबीभर सांधा असतो, आणि नळी फुटते तेव्हां त्या सांध्यावरच उकलते. ती बेकायदेशीर आहे हें वेगळेंच.

कोंकणांत बंदूक मरते ती बहुधा गंजानें. काळ्या दारूंत सोरा, कोळसा व गंधक असतात. तिची काजळी हवेंतलें पाणी ओढून घेते आणि एका रात्रींत नळी खाऊं लागते. नुसतें तेल लावून ती जात नाहीं, पाण्यानेंच जाते. म्हणून त्याच दिवशीं कढत पाणी ओतून नळी धुवावी, म्हणजे ती तापून आपोआप सुकते. सवच्या कुंडांतलें पाणी आयतें गरम आहे खरें, पण तें क्षारांचें असल्यामुळें या कामाला वापरूं नये. विहिरीचें गोडें पाणी चुलीवर तापवावें. सुकल्यावर तेलाचा बोळा फिरवावा, आणि पहिली रात्र तरी बंदूक तोंड खालीं करून उभी ठेवावी, म्हणजे जादा तेल दस्त्याच्या लांकडांत मुरत नाहीं.