कंद की रोप? केळी उत्पादकाच्या वर्षभराचा प्रश्न

जळगाव - बाजारातून आणलेल्या डझनभर केळ्यांत पेरण्याजोगे एकही बी सापडत नाही. खाण्याची केळी निर्बीज असल्याने नवी बाग उभी करायची तर जुन्या झाडाचाच अंश घ्यावा लागतो. तो कोणाकडून घ्यायचा, हा निर्णय रावेर, यावल परिसरातील लहान शेतकऱ्याला जून-जुलैच्या मृगबागेपूर्वी किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कांदेबागेपूर्वी घ्यावा लागतो. निवड चुकली तर ती काही महिन्यांनी उघड होते आणि तोवर खत, पाणी व मजुरीचा खर्च होऊन गेलेला असतो.

परंपरेने ही निवड ओळखीवर चालते. गावात कोणाच्या बागेत घड भरदार पडले, याची चर्चा कापणीच्या वेळीच होते आणि त्या बागेतील कंदांना मागणी येते. झाडाच्या बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांचे, म्हणजेच खानदेशातील 'पिलां'चे, दोन प्रकार असतात. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने असलेला मुनवा मातृवृक्षाच्या कंदाशी घट्ट जोडलेला व जोमदार असतो. लहानपणीच रुंद पाने धरणारा मुनवा दिसायला टवटवीत असला, तरी त्याचा कंद कमकुवत असल्याने जाणकार शेतकरी तो टाळतो. तीन ते चार महिने वयाच्या मुनव्याचा, साधारण ४५० ते ७५० ग्रॅम वजनाचा कंद योग्य मानला जातो. लहान-मोठे कंद एकत्र लावल्यास बाग एकाच वेळी निसवत नाही, कापणी लांबते आणि व्यापाऱ्याला गाडीभर माल एकदम देता येत नाही. त्यामुळे कंदांची प्रतवारी महत्त्वाची ठरते. लागवडीपूर्वी मुळ्या छाटून कंद कॉपर ऑक्सिक्लोराईडच्या द्रावणात बुडवतात.

न दिसणारा धोका

कंद स्वस्त असतो आणि उसनवारीवरही मिळतो. परंतु त्याच्यासोबत शेजाऱ्याच्या शेतातील सूत्रकृमी, सोंडकिडा आणि विषाणूही येऊ शकतात. पर्णगुच्छासारखा रोग मुनव्यातूनच पुढच्या बागेत जातो. बिहार व उत्तर प्रदेशात आढळलेल्या मररोगाच्या 'टीआर-४' या प्रकाराची बुरशी तर जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. खानदेशात लावल्या जाणाऱ्या बसराई, श्रीमंती व ग्रँड नैन या जाती एकाच कॅव्हेंडिश गटातील असून, हा रोग नेमका याच गटाला ग्रासतो. बाहेरच्या भागातून कंद आणू नयेत, असे तज्ज्ञ बजावतात ते यामुळेच.

यावर उतिसंवर्धित रोपांचा पर्याय पुढे आला. प्रयोगशाळेत निवडक मातृवृक्षापासून वाढविलेली ही रोपे हरितगृहात व नंतर शेडनेटमध्ये रुळविली जातात. पाच-सहा पाने आली की ती शेतात जातात. बाग एकसारखी वाढते आणि कंदाच्या बागेपेक्षा लवकर कापणीस येते. अडचण पैशाची आहे. दीड बाय दीड मीटर अंतराने हेक्टरी ४,४४४ रोपे लागतात. कंदाच्या कित्येक पट किमतीचे रोप घेताना लहान शेतकऱ्याचे भांडवल पहिल्याच दिवशी अडकते.

प्रमाणपत्र पाहावे

रोप प्रयोगशाळेतले आहे, एवढ्यानेच ते निर्दोष ठरत नाही. मातृवृक्ष विषाणूमुक्त नसेल, तर दोष हजारो रोपांत उतरतो. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये उतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धती सुरू केली. रोपे घेताना प्रमाणपत्र मागणे, पावती जपणे आणि नोंदणी लागवडीच्या बऱ्याच आधी करणे, हे उपाय शेतकऱ्याच्या हाती आहेत. ऐन हंगामात रोपांचा तुटवडा पडला की मिळेल ते घेण्याची वेळ येते.

मात्र निरोगी रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे. २०२० च्या पावसाळ्यात रावेर, यावल भागात कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे अनेकांना कोवळ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. हा विषाणू मावा किडीमार्फत काकडीवर्गीय पिके व तणांवरून केळीवर येतो. त्यामुळे बागेत व बांधालगत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची घेऊ नये, असा सल्ला दिला जातो.

पहिल्या वर्षी प्रमाणित रोपे लावून, त्याच बागेतील निरोगी झाडांचा मुनवा राखून खोडवा घेणे, हा अनेकांना परवडणारा मध्यममार्ग ठरतो. त्यात प्रयोगशाळेची शुद्धता आणि चांगला मुनवा ओळखणारी शेतकऱ्याची जुनी नजर, दोन्ही उपयोगी पडतात.