डांबराखालची स्लॅब

डांबर खरवडल्यावर पहिल्या रात्री मुकादम हातोडी घेऊन पुलावर वाकले. ठण, ठण, ठण आणि मग एकदम बद्द. ‘मॅडम, इथं पोकळ आहे.’ मी खडूनं गोल काढला. पहाटेपर्यंत खाडीवरच्या त्या पुलाची अर्धी स्लॅब गोलांनी भरली, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी वरून साधी भेगही दिसत नव्हती.

लोकांना खड्डा दिसतो. दुखणं त्याच्या खाली असतं. सांध्यांतून, तुंबलेल्या पाइपांपाशी पाणी मुरतं, खाऱ्या हवेतलं मीठ सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो फुगला की वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. गोव्यात मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्यातही आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या.

अशा स्लॅबवर नुसतं डांबर ओततात, याची मला फार चीड आहे. ५० मिलिमीटर थराचं वजन चौरस मीटरला सुमारे १२० किलो. साडेसात मीटर रुंद, तीस मीटर लांब गाळ्यावर ते २७ टन होतं, आणि हा भार पुलावरून कधीच उतरत नाही. आमच्या पुलावर एकावर एक असे तीन थर निघाले.

ते खरवडल्यावर खरं काम सुरू होतं. गोलाभोवती कटरनं सरळ चौकोन कापायचा, कारण निमुळत्या कडेवर पातळ माल टिकत नाही. मग हलक्या ब्रेकरनं फोडायचं, सळईच्या खालून बोटं फिरतील इतकं. इथंच पुष्कळ जण कंटाळतात आणि वरचं तेवढं काढतात. गंज मग खालून चालूच राहतो. सळई वाळूच्या माऱ्यानं लख्ख करायची, झिंकचा लेप द्यायचा, फार झिजली असेल तिथं जोडीला नवी बांधायची. जुन्या काँक्रीटला पोटभर पाणी पाजायचं, पण वर थेंब साचू द्यायचा नाही. ते तहानलेलं राहिलं तर नव्या मालातलं पाणी ओढून घेतं. मग मायक्रोकाँक्रीट भरायचं आणि वर ओलं गोणपाट.

शेजारच्या लेनवरून ट्रक गेला की पायाखाली स्लॅब थरथरायची. म्हणून माल भरताना आणि तो घट्ट होईपर्यंत आम्ही दोन्ही बाजू बंद ठेवल्या.

सात दिवसांनी गोणपाट उचललं. मुकादमांनी पुन्हा हातोडी फिरवली. एका चौकोनाचा कोपरा बद्द वाजला. तेवढा आम्ही त्याच रात्री परत फोडला.