गाडी जागेवर का थरथरते?

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुणाची ही गोष्ट. काही वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून पेट्रोलवर चालणारी जुनी व्हॅन घेतली. पहाटे भाजीपाला भरायचा आणि नाशिकच्या बाजारात पोचवायचा, हा त्याचा धंदा.

एक दिवस गाडी थरथरू लागली. रस्त्याने पळताना ठीक असे. उभी राहिली की इंजिन अडखळे. कधी बंदही पडे. एका मेकॅनिकने स्क्रू फिरवून इंजिनाचा वेग वाढवून दिला. थरथर लपली, पण पेट्रोल जास्त लागू लागले. महिन्याभराने थरथर परत आली. दुसरा मेकॅनिक म्हणाला, "इंजिन खोलावं लागंल." खर्च ऐकून तरुणाच्या पोटात गोळा आला. घरात बायकोची पोत मोडायची भाषा निघाली.

शेवटी तो एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने आधी पाना हातात घेतलाच नाही. इंजिन चालू ठेवून तो नुसता ऐकत राहिला. कुठून तरी 'सूं सूं' आवाज येत होता. त्याने एक रबरी नळी बोटांनी दाबून धरली. लगेच इंजिन एकसारखे चालू लागले! नळीला चीर गेली होती. नळी बदलली, स्क्रू पुन्हा जागेवर आणला. काम झाले. पोत वाचली.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपली म्हण आहे. या गाडीचे तसेच झाले होते. म्हणून थरथर कशाने होते, ते आपण समजून घेऊ या.

इंजिनात काय चालते?

पुष्कळ गाड्यांच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. सिलिंडर म्हणजे पोकळ नळकांडे. त्यात एक दट्ट्या खालीवर होतो. पेट्रोल जळले की दट्ट्याला जोराचा धक्का बसतो. चारही दट्ट्यांना पाळीपाळीने धक्के बसतात. त्यामुळे इंजिन फिरते.

उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. तेवढ्या वेळात प्रत्येक सिलिंडरमध्ये ४०० वेळा पेट्रोल जळते. एका सिलिंडरने पाळी चुकवली, तर इंजिन लंगडते. चार बैलांच्या नांगराचा एक बैल मागे राहिला, तर नांगर झटके खातो. तसेच हे.

मग पळताना का कळत नाही? जाते आठवा. जाते वेगात फिरत असले तर हात क्षणभर सुटला तरी ते फिरत राहते. हळू फिरत असले तर लगेच अडते. इंजिनाचेही तसेच आहे.

काय तपासावे?

पेट्रोल जळायला तीन गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. सोपे आणि स्वस्त ते आधी पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर गुण कशाने आला, ते कळत नाही.

१. आवाज एकसारखा आहे, पण गाडी हादरते? मग इंजिनाखालचे रबर पाहा. ते फाटले की हादरा गाडीला लागतो.

२. हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर पाहा. कांद्याच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर फार धूळ असते. जाळी धुळीने भरली की इंजिन गुदमरते.

३. रबरी नळ्या पाहा. चीर गेली की मापाबाहेरची हवा आत शिरते.

४. ठिणगी देणारा प्लग पाहा. इंजिन थंड झाल्यावरच तो काढावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगी पडत नाही. तेलकट असेल तर इंजिनातले ऑइल वर चढते. ते काम मिस्त्रीचे.

डिझेलची गाडी

डिझेलच्या इंजिनात ठिणगी लागत नाही. दाबाने हवा इतकी तापते, की डिझेल आपोआप पेटते. इथे थरथरीची कारणे पुष्कळदा तीन. फिल्टरमध्ये पाणी साचते, नळीत हवा धरते, किंवा नोझल खराब होते. नोझल म्हणजे डिझेल फवारणारी तोटी. नाशिकच्या सातपूरला मायकोच्या कारखान्यात अशा तोट्या बनत आल्या आहेत. २००८ साली या कंपनीचे नाव बॉश झाले. पण चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात!

निफाडकडे थंडी कडक पडते. तिथे पहाटे डिझेलची गाडी थोडा वेळ थरथरली, तर घाबरू नये. गरम झाल्यावरही थरथरली, तर मात्र तपासावी.

नवी गाडी

१ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहा या नियमाच्या गाड्या विकल्या जातात. त्यांत संगणक असतो. दोष आला की समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक यंत्र जोडून दोषाचा आकडा वाचतो. तो आकडा लिहून मागा. दिवा उघडझाप करू लागला, तर गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतला महागडा भाग जाळून टाकते.

जिवाला जपा

बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. तो माणूस मारतो. पेट्रोलजवळ काडी ओढू नका. पदर, उपरणे पंख्यापासून दूर ठेवा. नव्या डिझेल गाडीची इंधनाची नळी घरी सैल करू नका. आतला दाब एवढा असतो, की डिझेलची चिळकांडी कातडीतून आत घुसते.

मिस्त्रीकडे जाल तेव्हा नुसते "गाडी बिघडली" म्हणू नका. थरथर थंड असताना होते की गरम झाल्यावर, उभी असताना की चढावर, केव्हापासून, हे सांगा. आता तुम्हांला लिहिता येते. एक छोटी वही गाडीत ठेवा. तारीख, दोष, काय बदलले आणि पैसे किती दिले, ते मांडून ठेवा. वैद्याला दुखणे नीट सांगितले, तर अर्धे औषध तिथेच होते.