लसीकेची संथ वाट आणि शुश्रूषेचे हात

पायाच्या बोटाला ठेच लागून जखम चिघळली की एक-दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. घरातील वडीलधारी मंडळी तिला ‘अवधाण’ म्हणतात. जखम पायाला असताना गाठ जांघेत का यावी? याचे उत्तर शरीरातील लसीका संस्थेत आहे.

रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून वाहत असताना त्यातील काही द्रव पेशींभोवती झिरपतो. झिरपलेला सगळाच द्रव थेट रक्तात परतत नाही. जो मागे उरतो, तो त्यातील प्रथिने व जंतूंसह लसीकावाहिन्या उचलून नेतात. हीच लसीका. प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३ लिटर लसीका मानेच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या शिरांतून पुन्हा रक्तात मिसळते. वाटेत काख, जांघ, मान व पोट येथील शेकडो लसीकाग्रंथींतून ती गाळली जाते. तेथे पांढऱ्या पेशी जंतूंना अडवतात. अवधाण म्हणजे त्या झुंजीमुळे सुजलेली ग्रंथीच होय.

रक्ताला पुढे ढकलण्यासाठी हृदय आहे. लसीकेला तसे हृदय नाही. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांच्या बळावर ती संथपणे पुढे सरकते. वाहिन्यांतील झडपा तिला मागे फिरू देत नाहीत. म्हणूनच अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणे, हातपाय हलवून घेणे व त्याला दीर्घ श्वास घ्यायला लावणे या परिचारिकेच्या साध्या वाटणाऱ्या कामांचा लसीकेच्या प्रवाहालाही आधार मिळतो.

ही वाट तुटली की खरी कसोटी लागते. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी काढाव्या लागल्या, किंवा तेथे किरणोपचार झाले, तर काही स्त्रियांच्या त्या बाजूच्या हातात लसीका साचते. या सुजेला लिम्फेडिमा म्हणतात. ती काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही दिसू लागते. बांगडी घट्ट होते, अंगठी रुतते, हात जड वाटतो. आजार तर बरा झाला, आता घरच्यांना आणखी काळजी कशाला, असे म्हणून ती स्त्री पदराआड हात झाकते. याच सुरुवातीच्या काळात उपचार अधिक परिणामकारक ठरतात. तोच निघून गेला तर सूज कठीण होत जाते.

म्हणून प्रशिक्षित परिचारिका दोन्ही हातांचा घेर ठरावीक जागी टेपने मोजून नोंदवते. इंजेक्शन व रक्तदाब तपासणी शक्यतो दुसऱ्या हातावर करते. त्वचा स्वच्छ व मऊ ठेवणे, स्वयंपाकघरातील चटके व काप टाळणे आणि हलका व्यायाम करणे ती रुग्णाला शिकवते. दाबपट्टी वा दाबाचा बाहीमोजा तज्ज्ञांनी मापानेच द्यावा लागतो. जोराने तेल रगडणे मात्र हितकारक नाही. या आजारासाठीचे मर्दन अतिशय हलके असते व ते शिकलेल्या हातांनीच करावे. हात लाल व गरम झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

विदर्भाला परिचित असलेला हत्तीपाय हाही याच संस्थेचा आजार. डासांवाटे शरीरात शिरलेले कृमी लसीकावाहिन्यांत वाढतात व त्यांची हानी करतात. वाढलेला पाय बहुधा पूर्ववत होत नाही. तरीही रोज साबण व स्वच्छ पाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, बसताना पाय उंचावर घेणे आणि घोट्याचा व्यायाम एवढ्याने ताप व वेदनांचे वारंवार येणारे झटके कमी होतात.

पायावरची प्रत्येक सूज लसीकेचीच असते असे नाही. हृदय, मूत्रपिंड वा यकृताच्या विकारातही पाय सुजतात. म्हणून निदानाआधी मर्दन वा पट्टी नको. तसेच न दुखणारी, कठीण व वाढत जाणारी गाठ अवधाण समजून अंगावर काढू नये.

दुकानाचा जमाखर्च रोज लिहिणाऱ्या घरांना नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या आईच्या वा सुनेच्या दोन्ही हातांची मापे तारखेसह वहीत लिहून ठेवली, तर न बोलता झाकलेली सूज वेळेवर घरच्यांच्या ध्यानी येईल.