स्वरांच्या हिशेबातील शिल्लक

पगारपत्रक तपासताना शेवटी चार पैसे जुळेनासे झाले, तर कारकून म्हणतो, "एवढ्याशा रकमेसाठी काय अडले आहे?" कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हांला मात्र अशा वेळी एकच प्रश्न सुचतो: हे पैसे कोणाच्या हिश्शातून गेले? संगीताच्या हिशेबातही अशी एक चिमुकली रक्कम कायमची शिल्लक राहते. ती कोठून येते आणि कोणाच्या माथी बसते, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी शास्त्री असण्याची गरज नाही. साधा गुणाकार आला म्हणजे पुरे.

दर सेकंदास २४० आंदोलनांचा षड्ज धरू. त्याच्या दीडपट, म्हणजे ३६० आंदोलनांचा नाद हा पंचम होय. या दोहोंचा संवाद अडाण्याच्या कानालाही पटतो. आता पंचमाचा पंचम काढू: ५४०, त्याची निमपट करून आपल्या सप्तकात आणला की २७० चा ऋषभ मिळतो. ऋषभाचा पंचम ४०५ चा धैवत. धैवताचा पंचम ६०७.५, निमपट करता ३०३.७५ चा गांधार हाती येतो. रीत चोख, हिशेब चोख.

पण तंबोऱ्याचे म्हणणे निराळे आहे. १२० आंदोलनांची खर्जाची तार छेडली की तिच्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सूक्ष्म नादही उमटतात. पाचपटीचा ६०० चा नाद हाच तो स्वयंभू गांधार. मध्य सप्तकात तो ३०० चा होतो. म्हणजे एक गांधार ३०३.७५ चा आणि दुसरा ३०० चा! दोन्ही प्रामाणिक वाटांनी आलेले, तरी त्यांच्यात ८१ला ८० हे अंतर राहिलेच. पाश्चात्त्य शास्त्रात या अंतराला 'कॉमा' म्हणतात. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधील अंतराचा तो सुमारे पाचवा हिस्सा आहे.

पंचमाची साखळी अशीच बारा वेळा चालविली, तर फिरून षड्जावर यावयास हवे. तेथेही गाठ पडत नाही. २४० ऐवजी सुमारे २४३.३ हाती लागतात. या दुसऱ्या शिलकेला पायथागोरसचे नाव मिळाले आहे. ही चूक मोजणाऱ्याची नव्हे. तीन आणि दोन यांचे गुणाकार कितीही वाढविले तरी एकमेकांस मिळत नाहीत, हा अंकांचाच स्वभाव आहे.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात या सूक्ष्म अंतराची ओळख दोन वीणांच्या प्रयोगातून दिली आहे. दोन्ही वीणा सारख्या लावायच्या, आणि एकीचा पंचम ऋषभाशी संवादी होईपर्यंत किंचित उतरवायचा. जेवढा तो उतरला तेवढी 'प्रमाणश्रुती'. भरताने आकडा दिला नाही, कानाची खूण दिली. ती खूण मोजली तर उत्तर ८१ला ८० असेच येते, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांस साथ दिली, आणि श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत मात्र हे गणित सर्वमान्य झाले नाही. भातखंडे यांचे मत वेगळे होते, आणि श्रुतींच्या मापांचा तो वाद अजून मिटलेला नाही.

आता नेहमीच्या पेटीकडे येऊ. तिने शिल्लक कोठे ठेवली? तिने ती बारा पंचमांत सारखी वाटून टाकली. प्रत्येक पंचम केसभर उतरला; ३६० चा ३५९.६ झाला. तेवढे कोणास टोचत नाही. पण गांधार ३०२.४ वर जाऊन बसला. तंबोऱ्याच्या ६०० च्या नादाशी या गांधाराचा दुपटीचा नाद भिडला, की सेकंदाला सुमारे पाच वेळा आवाज वाढतो आणि ओसरतो. ही थरथर म्हणजेच ती शिल्लक, कानाला ऐकू येणारी.

समान वाटप ऐकावयास न्यायाचे वाटते. परंतु सारख्या वाटपात कोणास किती लागले, हेही पाहावे लागते. येथे पंचमाला ओरखडा, तर गांधाराला जखम. मोबदला काय मिळाला? कोणतीही पट्टी षड्ज मानण्याची मोकळीक. युरोपच्या संगीतात एकाच रचनेत षड्ज वारंवार बदलतो, तेथे हा सौदा किफायतीचा आहे. आपल्या गायनात एकच षड्ज मैफल संपेपर्यंत अढळ असतो; गायकाला त्या मोकळिकीचा उपयोग नाही, किंमत मात्र त्याने भरावयाची.

म्हणून पेटीला हद्दपार करावे काय? आकाशवाणीने १९४० साली तसे करून पाहिले. १९७० नंतर ती बंदी सैल करावी लागली. कारण उघड आहे. एकाचा षड्ज काळी एकचा, दुसऱ्याचा पांढरी चारचा. गरीब भजनी मंडळाने किती पेट्या बाळगायच्या? एकाच पेटीवर साऱ्यांची सोय होते, हा लाभ लहान नाही. काही वादक एकच षड्ज ठरवून त्याप्रमाणे सूर घासून घेतात. तेथे गांधार गोड होतो, पण पट्टी बदलण्याची मुभा जाते. तिसरी फुकटाची वाट नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की सौदा करावा, पण उघड्या डोळ्यांनी करावा. लहान मुलांना पेटीवरच सूर शिकविले, तर तिचाच गांधार त्यांना खरा वाटू लागतो, आणि काही गेले आहे याची तक्रार करणाराही उरत नाही. म्हणून प्रत्येक गायनशाळेत पेटीच्या आधी तंबोरा लावावा, आणि मुलांना त्यातला गांधार स्वतःच्या कानाने शोधू द्यावा. एकदा तो सापडला, की पुढे पेटी किती सोडते आणि किती देते, याचा हिशेब ज्याचा तो करील.