पावणेचार लाखांच्या पाच तारा

भाच्यानं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मला वाटलं, घरासाठी डायनिंग टेबल बघतोय. अक्रोडाच्या लाकडावर वळणावळणाच्या रेघा, कडेला फिकट मेपलची पट्टी, वर काचेसारखं पॉलिश. "मामा, बेस आहे हा. पाच तारांचा. हातानं बनवलेला." किंमत विचारली. जहाजाचं भाडं, आयात शुल्क, जीएसटी सगळं धरून पावणेचार लाख. भाईंदर पूर्वेला ताई-भावजींनी १९९८ साली वन रूम किचन घेतलं, तेव्हा जवळपास एवढेच पैसे मोजले होते. त्यातला प्रत्येक हप्ता ताईला अजून पाठ आहे. म्हणून तर आधी मामाला गाठलं होतं.

हा मुलगा दिवसा अंधेरीत अकाउंट्सचं काम करतो आणि संध्याकाळी बेस वाजवतो. नवरात्रात भाईंदर पश्चिमेच्या गरब्यात नऊ रात्री, डिसेंबर-जानेवारीत उत्तन-डोंगरीकडच्या लग्नांत, मधल्या काळात मिळेल त्या ऑर्केस्ट्रात. हौस आणि कमाई यांच्या मधला हा माणूस. त्याला सरळ नाही म्हणता येईना, आणि हो म्हणायला मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग महिनाभर हाच उद्योग केला.

बेस गिटार हे न ऐकू येणारं वाद्य आहे, असं म्हटलं तर वादक चिडतील, पण श्रोत्याच्या बाजूनं ते खरंच आहे. गाण्यातला बेस आपण गुणगुणत नाही. तो काढून घेतला की मात्र गाणं पोकळ लागतं, पायाखालची फरशी सरकल्यासारखं. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, पाच तारांच्या बेसवरची त्याहून खालची तार सुमारे ३१ वेळा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून हा स्वर निघूच शकत नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून खालचा मूळ स्वर ताडतो. म्हणजे विरार लोकलमध्ये मोबाइलच्या स्पीकरवर गाणी वाजवणाऱ्यांच्या बाबतीत पावणेचार लाखांतले बरेचसे वाटेतच सांडतात.

या वाद्याचा जन्म तर स्वस्ताईतलाच. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. त्यानं १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. तोवर बँडमध्ये डबल बेस असे. माणसापेक्षा उंच, गाडीत न मावणारा, आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गदारोळात ऐकूच न येणारा. शिवाय त्याला पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर इकडेतिकडे पडलं की स्वर ढळतो. फेंडरनं फळीसारखं सपाट अंग घेतलं, त्यावर दांडी स्क्रूनं बसवली आणि पडदे ठोकले. स्वर नेमका लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन'. दांडी बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत जसं काम चालतं तसंच: एकानं कापायचं, दुसऱ्यानं घासायचं, तिसऱ्यानं जोडायचं. आणि गंमत म्हणजे फेंडर स्वतः गिटार वाजवायला कधी शिकलाच नाही.

मग याचं जडजवाहीर कधी झालं? साधारण १९७० च्या आसपास. कॅलिफोर्नियातच 'अलेम्बिक' नावाची मंडळी 'ग्रेटफुल डेड' या बँडची ध्वनियंत्रणा सांभाळत होती. त्यांनी बेसच्या पोटात बॅटरीवर चालणारा, तारांचा क्षीण संकेत बळकट करणारा छोटा प्रीअँप बसवला, दुर्मीळ लाकडांचे थर एकावर एक चिकटवले. स्टॅनली क्लार्कनं तो बेस गळ्यात अडकवला आणि मागे उभा राहणारा वादक रंगमंचाच्या मध्यावर आला. १९७५ साली अँथनी जॅक्सनसाठी कार्ल थॉम्पसननं सहा तारांचा बेस घडवला. जॅक्सनला आणखी खालचे आणि आणखी वरचे स्वर हवे होते, आणि कारखान्यात तसं वाद्यच मिळत नव्हतं. पुढे १९८३ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात विनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला यांनी आपलं दुकान थाटलं. आज तिथल्या खास ऑर्डरीच्या बेससाठी दहा हजार डॉलरच्या पुढे सहज जावं लागतं. आपल्या मुंबईची मोहिनी डे पोलंडच्या मेयोनेस कंपनीचे बेस वाजवते. तिची बोटं ज्या वेगानं फिरतात, तो बघितल्यावर वाद्याची किंमत विचारायचं सुचतही नाही.

भाच्यानं ही सगळी नावं मला जपमाळेसारखी ऐकवली. मीही अभ्यास केला होता. मी म्हटलं, आता माझी माळ ऐक. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांना बेस देणारा जेम्स जेमर्सन. त्याचा १९६२ चा साधा प्रिसिजन, तारा सहसा न बदललेल्या, आणि वाजवायला उजव्या हाताचं एकच बोट. जाको पास्टोरियस. त्याचाही १९६२ चा फेंडर जॅझ बेस. त्याचे पडदे काढलेले आणि पट्टीवर होड्यांना लावतात ते राळेसारखं इपॉक्सी चढवलेलं. मार्कस मिलर. त्याचा १९७७ चा कारखान्यातलाच जॅझ बेस, फक्त रॉजर सॅडोस्की या कारागिरानं आत प्रीअँप बसवून दिलेला. ज्यांच्या आवाजाची नक्कल करायला लोक लाखो मोजतात, त्यांनी स्वतः फॅक्टरीचा माल वाजवला. आणि आपल्याकडे पंचमच्या ताफ्यात टोनी वाझ बसत, ते कोणत्या कंपनीचा बेस वाजवत हे किती जणांना माहीत आहे?

"मामा, ते देव होते. मी नाही. मला वाद्याची मदत लागते," तो म्हणाला. या उत्तरावर मी गप्प झालो, कारण त्यात तथ्य होतं.

तर पैसे जातात कुठे? निम्मी चर्चा लाकडाची असते, आणि माझ्या मते ती निम्मी फुकट असते. व्हायोलिन किंवा तानपुरा पोकळ असतो, त्याचं लाकूड स्वतः बोलतं. बेसचं अंग भरीव. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, आणि तो ऐकतो पोलादी तारेची थरथर. वरच्या अक्रोडाच्या पातळ पापुद्र्याचं त्याला सोयरसुतक नसतं. दांडीचं मात्र तसं नाही. चार तारा मिळून तिला सुमारे ७०-८० किलोंचा ताण देतात, पाचवी तार आली की आणखी. दांडी लवचीक असली की एखाद्या स्वराची शक्ती तीच पिऊन टाकते आणि तो स्वर लागल्या लागल्या मरतो. फेंडरसारख्या बेसवर वरच्या तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास अशी मेलेली जागा हमखास सापडते. महागडे कारागीर दांडी तीन-पाच पट्ट्या जोडून करतात, आत ग्रॅफाइटच्या कांड्या घालतात, ते याचसाठी. तो खर्च खरा.

लाकडाची एक गोष्ट तरीही सांगायलाच हवी. जगभरच्या गिटारींच्या दांडीवर जी काळसर पट्टी असते, ती पुष्कळदा आपल्या शिसवीची असते. आजीच्या झोपाळ्याची, वाड्यातल्या पलंगाची शिसवी. दक्षिणेतल्या जंगलांतून ती परदेशी जाते आणि गिटार होऊन परत येते, तेव्हा तिच्यावर आयात शुल्क आपणच भरतो. २०११ मध्ये अमेरिकन सरकारनं गिब्सन कंपनीवर छापा घातला, तो भारतातून आलेल्या याच पट्ट्यांवरून. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करारानं शिसवीच्या साऱ्या जातभाईंच्या व्यापारावर परवान्याची अट आली, आणि तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटी त्यातून सूट मिळाली.

मला हा सगळा हिशेब उलगडला तो मिरजेच्या अंगानं. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम आटलं आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी त्याच हातांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तुणीचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नक्षीकाम, हस्तिदंतासारखी पट्टी, मोराची मान हे सगळं दुकानात डोळ्यांत भरतं. पण गवई यातलं काहीच बघत नाही. तो बघतो जवारी. घोडीचा पृष्ठभाग कानसेनं, मग पॉलिश पेपरनं, केसाच्या अंशानं घासत आणायचा, मध्ये मध्ये तार छेडून ऐकायचं, पुन्हा घासायचं. एक घासणी जास्त झाली की आवाज बसला. या कामाला मोजपट्टी नाही. वाद्याची खरी किंमत त्या दोन बोटांएवढ्या जागेत असते.

बेसवर ही जवारीची जागा म्हणजे पडदे, वादकांच्या भाषेत फ्रेट. वीस-बावीस-चोवीस धातूच्या पट्ट्या, सगळ्यांची डोकी एका पातळीत. एक जरी जरासं वर राहिलं तर तार त्यावर घासून खरखरते. मग ती खरखर लपवायला तारा उंच ठेवाव्या लागतात, आणि तीन तासांच्या गरब्यानंतर मनगट सुजतं. कारखान्यात या कामाला मिनिटं मिळतात, एकट्या कारागिराच्या बाकावर दिवस.

शेवटी परीक्षा घ्यायची ठरवली. मीरा रोडला शांतीनगरात आमच्या ओळखीचे एक वादक राहतात, स्टुडिओत रेकॉर्डिंगला जातात. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्याकडे तीन बेस: अठ्ठावीस हजारांचा इंडोनेशियात बनलेला, लाखाच्या आतबाहेरचा मेक्सिकोतला फेंडर, आणि एका सहकाऱ्याकडून जुना घेतलेला, हातानं घडवलेला अमेरिकन पाच तारांचा. मी बाहेरच्या खोलीत, दार लावलेलं. दादांनी एकच तुकडा पाच वेळा वाजवला, वाटेल तो बेस घेऊन. माझे दोन अंदाज बरोबर आले. वहिनींनी चहा टाकता टाकता स्वयंपाकघरातून तीन बरोबर सांगितले.

मग तो हातानं घडवलेला बेस भाच्याच्या हातात दिला. आणि हे मला कबूल केलं पाहिजे: त्याचा चेहरा बदलला. स्वस्त पाच तारांच्या बेसवर खालची जाड तार फडफडते, ओल्या दोरीवरच्या टॉवेलसारखी. या वाद्यावर ती ठाम उभी राहिली. डावा हात वरखाली फिरताना कुठे अडत नव्हता. खांद्यावरही हलका. हा फरक दाराबाहेर आला नव्हता, आत मात्र होता. दादा हसले. "पैसे लाकडाला देऊ नकोस रे, फ्रेटला दे." मग म्हणाले, रेकॉर्डिंगला मी अजून फेंडरच नेतो. समोरच्याला तोच आवाज ओळखीचा असतो, आणि लोकलमध्ये कुणाचा धक्का लागला तर झोप उडत नाही.

त्यांनी लगेच भाच्याचा जुना बेस मागून घेतला. तारेचा पहिला पडदा डाव्या बोटानं दाबला, शेवटचा उजव्या कोपरानं, आणि मधल्या फटीत एक व्हिजिटिंग कार्ड सरकवलं. कार्ड मोकळं फिरलं, वर आणखी दोन कार्डं मावली असती. दांडी धनुष्यासारखी वाकली होती. जुलै महिना, बाजूला खाडी, पलीकडे मिठागरं. आमच्या हवेत लोखंडाची खिडकी दोन वर्षांत गंजून जाते तिथे मेपलची काय कथा. दादांनी दांडीतल्या लोखंडी सळईला किल्लीनं पाव फेरा दिला, थांबले, ऐकलं, पुन्हा थोडा. घोडी खाली घेतली, दोन पडद्यांवर कानस फिरवली. तासाभराचं काम. खरखर गेली. ऑर्केस्ट्राच्या मंडपात जो हूंऽऽ असा गुणगुणाट येतो, त्यावर त्यांचा उपाय आणखी स्वस्त: पोटाच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवायची आणि मंडपवाल्याला आधी अर्थिंग विचारायचं. ते नीट नसेल तर पावणेचार लाखांचं वाद्यही जनरेटरबरोबर गुणगुणत राहील.

माझं मत विचाराल तर लाखभरापर्यंत रुपयाला रुपया वसूल होतो. त्यापुढचे पैसे कारागिराच्या तासांचे असतील आणि वाजवणाऱ्याला पाचवी तार रोज लागत असेल, तर तेही समजू शकतो. अक्रोडाच्या रेघा, दीड वर्षाची प्रतीक्षायादी आणि डोक्यावरची सही यांचे पैसे मात्र शोकेसचे आहेत. तेवढ्यात मिरजेहून तानपुऱ्यांच्या तीन-चार जोड्या सहज येतील. शिवाय अडीनडीला विकायची वेळ आली तर मुंबईत फेंडरला गिऱ्हाईक त्याच आठवड्यात मिळतं, ब्रुकलिनच्या कारागिराचं नाव ऐकलेलं गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

भाच्याचं अजून ठरलेलं नाही. फोटो मोबाइलवर तसाच आहे. परवा ताईचा फोन आला, आवाज चढलेला. नव्या तारांचे पैसे वाचवायला याच्या दादांनी जुन्या गंजक्या तारा पाण्यात उकळून घ्यायला सांगितलं होतं, म्हणजे मळ सुटतो आणि चार दिवस आवाज पुन्हा खणखणतो. यानं त्यासाठी रविवारच्या पुलावाचं मोठं पातेलं घेतलं होतं.