कार्ड बाळगलं म्हणून कर?

नुसतं क्रेडिट कार्ड जवळ आहे म्हणून भारतात कर लागत नाही. एकेकाळी मात्र कार्ड ही सुबत्तेची खूण ठरली होती. 1990 च्या दशकाच्या अखेरीस प्राप्तिकर खात्याच्या ‘वन बाय सिक्स’ योजनेत घर, गाडी, टेलिफोन, परदेशवारी, महागड्या क्लबचं सभासदत्व किंवा क्रेडिट कार्ड यांपैकी एक जरी असलं तरी विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं. ॲड-ऑन कार्डाला सूट होती. चेन्नई या योजनेत होती, म्हणजे शहरातल्या गिंडी भागातला कार्डधारकही त्यात आला. 2006 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी ही योजना गुंडाळली.

आज कर बसतो तो कार्डाच्या शुल्कांवर. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या नोकरदाराचं बिल पाहा: वार्षिक शुल्क 500 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 90 रुपये. बिल थकलं आणि 1,000 रुपये व्याज चढलं, तर आणखी 180. विलंब शुल्कावरही तोच दर. उलट, मोफत कार्ड वापरून दरमहा पूर्ण बिल चुकवणाऱ्याला यातला एक रुपयाही पडत नाही. म्हणजे भार येतो तो कर्जात रुतलेल्यावर. कार्ड बाळगण्यावर नवा कर लावण्याचा विचार करण्याआधी सरकारनं थकलेल्या व्याजावरचा हा जीएसटी काढावा.